खडीसाखर आणि काच

व्यापारी घरांतील मुली आता सी.ए. होतात, एम.बी.ए. करतात, वडिलांच्या पेढीचा हिशेब संगणकावर आणतात आणि या साऱ्यात तिशी केव्हा ओलांडली हे घरालाही कळत नाही. अशा वेळी एखादी मैत्रीण किंवा परदेशात स्थायिक झालेली आतेबहीण सुचवते, ‘एग फ्रीझिंग करून ठेव.’ ज्या घराच्या उंबरठ्याच्या आत अंडे येत नाही, तेथे हा शब्द कानाला खटकावा यात नवल नाही. मराठीत त्यासाठी ‘स्त्रीबीज’ असा सरळ आणि सभ्य शब्द आहे. स्त्रीबीज गोठवून ठेवणे असे म्हटले की निम्मा संकोच गळून पडतो.

उरलेल्या संकोचाचे कारण वेगळे आहे. काही पालकांना वाटते की ही एक प्रकारची मुदत ठेव आहे. आज ठेवावी आणि दहा वर्षांनी व्याजासह उचलावी. काहींना वाटते की बर्फात राहिलेल्या बीजापासून झालेले मूल अशक्त निपजेल. पहिली समजूत भाबडी आहे आणि दुसरी निराधार. थंडीत त्या बीजाचे नेमके काय होते हे कोणी समजावून सांगितलेले नसल्यामुळे दोन्ही टिकून आहेत.

स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटर. चांगल्या उजेडात तीक्ष्ण नजरेला ती पुसट ठिपक्यासारखी दिसू शकते. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. त्यांत पुढे भर पडत नाही. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सबंध आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना हा ताळेबंद चटकन उमगेल : जमेची बाजू जन्मालाच बंद झालेली आणि खर्चाची बाजू रोज चालू. पस्तिशीनंतर संख्या तर वेगाने घटतेच, शिवाय उरलेल्या बीजांमध्ये गुणसूत्रांच्या वाटणीत चुका होण्याचे प्रमाणही वाढत जाते. म्हणून तरुण वयातील बीज जपून ठेवण्याची कल्पना पुढे आली. ती प्रत्यक्षात येण्यास मात्र अनेक दशके लागली, कारण शरीरातील ज्या पेशी थंडीला सर्वांत कमी दाद देतात त्यांत स्त्रीबीजाचा क्रम बराच वरचा आहे.

आचार्य उमास्वाती अर्थात उमास्वामी यांच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांच्या योनींचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत शीत, उष्ण व शीतोष्ण असे एक त्रिक आहे. जन्मस्थानाचा विचार करताना उष्णता आणि थंडी हा मुद्दा प्राचीन आचार्यांना लक्षात घ्यावासा वाटला, ही गोष्ट मोलाची आहे. त्यापुढे जाऊन प्रयोगशाळेतील प्रत्येक शोध आगमांत आधीच होता असे सांगण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. त्याने आगमांचा गौरव वाढत नाही आणि शास्त्रही कळत नाही.

पक्व बीज बीजकोशातून बाहेर येते तेव्हा त्याचे विभाजन अर्ध्यावर थांबलेले असते. गुणसूत्रे एका ओळीत मांडलेली असतात आणि सूक्ष्म तंतूंनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेले असते. या तंतूंच्या रचनेचा आकार चरख्याच्या चातीसारखा, मधे फुगीर व टोकांना निमुळता असतो. म्हणून तिला तर्कू हे नाव मिळाले. शुक्राणू आत शिरल्यावरच थांबलेले विभाजन पुरे होते आणि गुणसूत्रद्रव्याचा अर्धा वाटा बाहेर टाकला जातो. तोवर तर्कू मागावर ताणलेल्या सुतासारखा सज्ज उभा असतो.

या तर्कूला थंडी सोसत नाही. त्याचे तंतू म्हणजे एका प्रथिनाच्या असंख्य कणांच्या माळा. शरीराच्या ३७ अंश उष्णतेत त्या माळा जुळलेल्या राहतात आणि तापमान उतरू लागले की कण सुटे होऊन पेशीद्रवात विखुरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मानवी बीजे केवळ दहा ते तीस मिनिटे खोलीच्या तापमानाला ठेवली गेली. तेवढ्यानेही अनेकांचा तर्कू विस्कटला आणि पुन्हा ऊब दिल्यावर सर्वांचा पूर्ववत झाला नाही. खोलीचे तापमान म्हणजे आपण ज्याला आल्हाददायक हवा म्हणतो ती! म्हणूनच वंध्यत्व-उपचार केंद्रांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालचा काचेचा पाटसुद्धा ३७ अंशांपर्यंत तापवलेला असतो.

दुसरा आघात पेशीच्या आवरणावर होतो. पौष महिन्यात डब्यातील तूप थिजते हे प्रत्येक घर पाहते. पेशीचे आवरणही मुख्यतः स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते आणि साधारण पंधरा अंशांपासून खाली शून्याकडे जाताना ते तसेच थिजू लागते. डब्यातील तूप उन्हात ठेवले की पूर्वीसारखे पातळ होते. पेशीच्या आवरणाचे तसे होत नाही, कारण त्यात जडवलेली प्रथिने मधल्या काळात जागची हललेली असतात. मग पुन्हा ऊब दिली तरी आवरण झिरपत राहते आणि बीज मरते. येथे ध्यानात घ्यावे की अद्याप बर्फाचा एक कणही तयार झालेला नाही. हा सगळा नाश नुसत्या गारव्याचा.

तिसरा परिणाम अधिक चमत्कारिक आहे. बीजाभोवती एक जाड पारदर्शक कवच असते. एक शुक्राणू आत शिरला की हे कवच कठीण होते आणि दुसऱ्यास प्रवेश मिळत नाही. निसर्गाने घातलेली ही कडी आहे. थंडीने आणि गोठवताना वापरलेल्या रसायनांनी ती कडी वेळेआधीच पडू शकते, म्हणजे पाहुणा येण्यापूर्वीच दार बंद. या अडचणीवर उपाय सापडला तो १९९२ साली ब्रसेल्स येथे विकसित झालेल्या तंत्रात. त्यात अतिसूक्ष्म काचेच्या सुईने एकच शुक्राणू थेट बीजाच्या आत सोडला जातो. गोठवलेल्या बीजांसाठी आज सर्रास हीच पद्धत वापरतात.

आता प्रत्यक्ष बर्फाकडे वळू. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते, तशी पेशीही फुगून फुटत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती जरा गुंतागुंतीची आहे. बर्फ प्रथम पेशीच्या बाहेरील द्रवात धरतो. बर्फात फक्त पाणी जाते; क्षार मागे उरतात आणि उरलेला द्रव मिठागरातील पाण्यासारखा अधिकाधिक खारट होत जातो. या खाऱ्या द्रवाच्या ओढीने पेशीतील पाणी बाहेर येते आणि पेशी आक्रसते. गोठवण्याचा वेग फार कमी ठेवला तर पेशी या खारट द्रवात प्रमाणाबाहेर वेळ राहून नासते. वेग फार वाढवला तर पाण्याला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि आतच बर्फाचे सुईसारखे स्फटिक तयार होऊन सारी रचना फाडून टाकतात. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेचे पीटर मेझर यांनी १९७२ साली हा दुहेरी पेच नेमकेपणाने मांडला. प्रत्येक प्रकारच्या पेशीला आपापला मधला वेग असतो, आणि पेशी जितकी मोठी तितकी ती मधली वाट अरुंद. लोट्यातील पाणी क्षणात रिते होते, रांजणाला वेळ लागतो. शुक्राणू हा लोटा आणि स्त्रीबीज हा रांजण. माणसाचे गोठवलेले शुक्राणू वापरून गर्भधारणा १९५३ मध्येच झाली होती. स्त्रीबीजाला त्यानंतर तेहेतीस वर्षे वाट पाहावी लागली.

गोठवणाऱ्या शास्त्राची सुरुवात मात्र एका चुकीच्या लेबलाने झाली. १९४९ साली लंडनमधील मिल हिल येथील संस्थेत क्रिस्टोफर पोल्ज, ऑड्रे स्मिथ आणि ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे शुक्राणू गोठवण्याचा खटाटोप करीत होते. एका बाटलीतील द्रवाने एकाएकी यश दिले. बाटलीवर लिहिले होते शर्करा, पण तपासले तेव्हा आत निघाले ग्लिसरीन. औषधांच्या दुकानात हात मऊ ठेवण्यासाठी मिळणारे तेच ग्लिसरीन. पाण्याशी घट्ट जोडले जाऊन ते बर्फ धरू देत नाही आणि पेशीत शिरून क्षारांची तीव्रताही कमी करते. अशा द्रव्यांना पुढे शीतसंरक्षक म्हटले जाऊ लागले. ती तारक असली तरी अधिक प्रमाणात विषारी असतात, आणि स्त्रीबीज गोठवण्याच्या पुढील सगळ्या कथेत हे दुहेरी रूप सतत आडवे येते.

या कथेतील भारताचा अध्याय अभिमानाचा आहे आणि तितकाच लाजिरवाणाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी एका मारवाडी दांपत्यासाठी प्रयोगशाळेत भ्रूण तयार केला, जादवपूर विद्यापीठातील अन्नतंत्रज्ञ सुनीत मुखर्जी यांच्या साहाय्याने तो ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कन्या जन्मली. जगातील पहिल्या नलिकाबालिकेनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. गोठवलेल्या भ्रूणापासून मूल होण्याची गोष्ट तेव्हा पाश्चात्त्य देशांतही झालेली नव्हती. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्ररोगाच्या संस्थेत करण्यात आली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा ही देशातील पहिली नलिकाबालिका मानली जात होती. तो मान ज्यांच्याकडे डॉ. इंदिरा हिंदुजांसह जात होता त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ साली कोलकात्यात मुखर्जींची टिपणे स्वतः वाचली आणि पहिलेपण त्यांचे आहे, असे जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या नावावरील जमा रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर स्वहस्ते वळवणारी माणसे विरळा असतात. जन्मलेल्या मुलीनेही, कनुप्रिया अग्रवाल यांनी, मोठेपणी आपली ओळख उघड केली.

डॉ. मुखर्जींनी गोठवला तो भ्रूण. भ्रूणातील पेशी आकाराने लहान असतात, आणि एखादी दगावली तरी उरलेल्या पेशी काम पुढे नेऊ शकतात. स्त्रीबीज एकटे असते. ते गेले की सर्व गेले. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिली गर्भधारणा ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी साधली. १९८६ साली तिची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यातून जुळी मुले झाली. तापमान मिनिटाला अंशाच्या काही भागाइतके हळूहळू उतरवत नेण्याची ही रीत होती. जगाला वाटले प्रश्न सुटला. पण इतरांच्या हाती यश येईना. बहुतेक बीजे वितळवताना मरत, जगली तर फळत नसत. त्यातच तर्कू विस्कटल्याने गुणसूत्रांत दोष निर्माण होतील ही भीती पसरली आणि दहाएक वर्षे बहुसंख्य प्रयोगशाळांनी हा नाद सोडून दिला.

नाद सोडला नाही तो इटलीने. बोलोन्या येथील एलेओनोरा पोर्कू यांनी १९९७ साली गोठवलेल्या बीजात सुईने शुक्राणू सोडून मूल जन्मल्याची नोंद केली. पुढे २००४ मध्ये इटलीने कायदा करून भ्रूण गोठवण्यावर बंदी घातली आणि एका वेळी तीनपेक्षा अधिक बीजे फळवू नयेत असे ठरवले. त्या कायद्यामागे कॅथलिक समाजाची भ्रूणाविषयीची नैतिक भूमिका होती. उरलेल्या बीजांचे करायचे काय, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक केंद्रापुढे उभा राहिला आणि बीजच गोठवण्याच्या तंत्रावर तेथील डॉक्टरांनी जिद्दीने काम केले. तीनची मर्यादा २००९ साली तेथील घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. कायदा योग्य होता की नाही हा वादाचा विषय आहे. परंतु भ्रूणाचे पावित्र्य मानणाऱ्या समाजाच्या अडचणीतून या शास्त्राला गती मिळाली, हे अहिंसाव्रती वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

खरा तोडगा निघाला तो बर्फ टाळण्यातून. हे समजण्यास आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. साखरेचा पाक दोऱ्यावर सावकाश निवू दिला की कण एकमेकांना धरून रांगेत बसतात आणि खडीसाखर तयार होते : कोनदार, टोकदार, स्फटिकरूप. तोच पाक अधिक घट्ट करून थंड ताटात झटकन ओतला की चिक्कीवरची तकतकीत, पारदर्शक काच मिळते. साखर तीच, पण कणांना रांग लावण्यास सवड मिळाली नाही, म्हणून ते जेथल्या तेथे थिजले. पाण्याचेही असे करता येते. १९८५ साली विल्यम रॉल आणि ग्रेगरी फाही यांनी उंदराचे भ्रूण या रीतीने, बर्फाचा स्फटिक होऊ न देता, काचरूप अवस्थेत नेऊन पुन्हा जिवंत करून दाखवले. या क्रियेला काचीभवन म्हणतात. डॉक्टर ‘व्हिट्रिफिकेशन’ म्हणतील. त्या रीतीने जपलेल्या मानवी स्त्रीबीजापासून पहिले मूल १९९९ साली जन्मल्याची नोंद आहे, आणि जपानचे मासाशिगे कुवायामा यांनी २००५ च्या सुमारास त्यासाठी केसासारख्या अरुंद पट्टीचे साधन प्रचारात आणले.

प्रयोगशाळेत हे काम पाहणे म्हणजे घड्याळाशी चाललेली झुंज पाहणे. बीज आधी संरक्षक द्रव्यांच्या सौम्य द्रावणात सोडतात. ते मनुक्यासारखे आक्रसते आणि पाण्याच्या जागी द्रव्य आत शिरले की दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा गोल होते. मग साखर मिसळलेल्या तीव्र द्रावणात त्याला जेमतेम मिनिटभर ठेवतात. त्याहून अधिक वेळ गेला तर ते द्रावणच त्याला विषासारखे ठरते. तेवढ्या वेळात बीज उचलून, पट्टीवर मांडून, भोवतालचा द्रव जवळजवळ पूर्ण शोषून घेऊन, पट्टी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची. तापमान मिनिटाला वीस हजार अंशांहून अधिक वेगाने कोसळते. तूप थिजण्याचा आणि बर्फ धरण्याचा जो घातक पट्टा आहे तो क्षणार्धाहूनही कमी वेळात ओलांडला जातो. परत आणताना तर याहूनही अधिक वेग लागतो, कारण काच सावकाश वितळू दिली तर वाटेतच तिची खडीसाखर होते. वितळवल्यावर बीजाला दोन-तीन तास ३७ अंशांत विसावा देतात. सुटे झालेले कण पुन्हा जुळून तर्कू उभा राहतो, मगच शुक्राणू आत सोडतात.

या पद्धतीचे फळ आकड्यांत दिसले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील गटाने २०१० साली सहाशे स्त्रियांवरील तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण दात्यांची बीजे एका गटाला ताजी आणि दुसऱ्या गटाला काचीभवन करून दिली, ९२.५ टक्के बीजे जगली आणि गर्भधारणेच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी २००९ मध्ये गोठवलेल्या बीजांपासून जन्मलेल्या नऊशेहून अधिक बालकांचा आढावा घेण्यात आला होता. जन्मजात दोषांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले नाही. २०१२ साली अमेरिकेतील प्रजनन-वैद्यक संघटनेने या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढून टाकला. अशक्त मूल निपजण्याची भीती निराधार म्हटली ती यामुळे.

उणे १९६ अंशांत पोहोचलेल्या बीजाला एक वर्ष काय आणि दहा वर्षे काय, सारखीच. तेथे रासायनिक क्रिया थांबलेल्या असतात. १९९७ सालच्या विश्वसुंदरी डायना हेडन यांनी २०१६ साली मुंबईत आठ वर्षांपूर्वी गोठवलेल्या बीजापासून मुलीला जन्म दिला, तेव्हा ते बीज आठ वर्षांनी म्हातारे झालेले नव्हते. धोका साठवणुकीत असेल तर तो टाकीचा. नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि तो भरत राहावा लागतो. मार्च २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी अमेरिकेतील क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांतील साठवण-टाक्यांत बिघाड झाला. एकट्या क्लीव्हलँडमध्ये चार हजारांहून अधिक बीजे व भ्रूण गमावले गेले. लॉकर घेताना आपण बँकेच्या भिंतीची जाडी विचारत नाही, पण येथे विचारावे : टाकीवर रात्री-अपरात्री वाजणारी घंटा आहे काय, दुसरी टाकी तयार असते काय, पातळी रोज कोण मोजतो?

मुदत ठेवीची उपमा कोठे फसते हे आता स्पष्ट व्हावे. ठेवीत मुद्दल सुरक्षित असते. येथे मुद्दलालाच प्रत्येक पायरीवर कात्री लागते : काही बीजे वितळताना जातात, जगलेल्यांतील काही फळत नाहीत, फळलेल्यांतील अनेकांचा भ्रूण वाढत नाही, आणि वाढलेला प्रत्येक भ्रूण गर्भाशयात रुजत नाही. म्हणूनच पस्तिशीच्या आतील स्त्रीलाही सर्वसाधारणपणे दहा-पंधरा पक्व बीजे साठवण्याचा सल्ला दिला जातो, आणि तेवढी एका खेपेस मिळतीलच असे नाही. थंडी वय थांबवते, मागे नेत नाही. चाळिशीत गोठवलेले बीज चाळिशीचेच राहते. जे केंद्र चाळिशीच्या स्त्रीला हे न सांगता पैसे भरून घेते, त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी.

कागदपत्रांकडेही व्यापारी नजरेने पाहावे. भारतात साहाय्यक प्रजननाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचाराचे वय स्त्रीसाठी २१ ते ५० ठरवले आहे आणि अविवाहित स्त्रीलाही तो उपचार घेता येतो. दात्याचे बीज किंवा भ्रूण दहा वर्षांपलीकडे साठवता येत नाही. स्वतःच्या बीजांबाबत केंद्राचा करार किती मुदत देतो, वार्षिक भाडे थकले तर काय होते, केंद्र बंद पडले तर बीजे कोठे जातात आणि स्त्री हयात नसल्यास त्यांचे काय करावे, ही कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. गहाणखतावर न वाचता सही करणारा व्यापारी सापडत नाही. येथे मात्र सापडतो.

विवाहित दांपत्यापुढे आणखी एक निवड असते : बीज गोठवावे की भ्रूण? अधिक भ्रूण तयार केले आणि पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात मूल झाले, तर उरलेल्यांचे काय, हा प्रश्न अहिंसा मानणाऱ्या घराला चुकवता येत नाही. दहा वर्षांनी त्यांना नष्ट होऊ देणे किंवा संशोधनाला देणे एवढेच मार्ग कायद्याने ठेवले आहेत. न फळलेल्या बीजाबाबत हा पेच या स्वरूपात उभा राहत नाही. कोणत्या घराने काय ठरवावे हे त्या घराने आपल्या गुरूंना विचारून ठरवावे. पण विचारायचे ते प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी, उरलेल्या भ्रूणांचे भाड्याचे पत्र आल्यावर नव्हे.

लग्न लांबल्यामुळे बीज गोठवावे की नाही, यावर घराघरांत मते भिन्न राहतील आणि राहोत. एका परिस्थितीत मात्र दुमत असू नये. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला स्तनाचा किंवा रक्ताचा कर्करोग निघाला की सारे घर एकाच काळजीने झपाटते : जीव वाचावा. ते रास्तच आहे. परंतु सायक्लोफॉस्फमाइडसारखी काही कर्करोगनाशक औषधे बीजकोशातील साठाही जाळून टाकतात आणि बरी झालेली मुलगी तिशीच्या आतच पाळी जाण्याच्या अवस्थेला पोहोचू शकते. बीजे काढण्याची तयारी पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी सुरू करता येते आणि तिला साधारण दोन आठवडे लागतात. स्तनाच्या कर्करोगात शरीरातील इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. अनेक रुग्णांच्या बाबतीत शस्त्रक्रिया आणि पहिली केमोथेरपी यांच्यामध्ये एवढी फट असते. काही रक्ताच्या कर्करोगांत ती नसते, तेथे डॉक्टरांचा शब्द अंतिम. पण विचारले तरच उत्तर मिळते. आपल्या समाजात पुष्कळदा विचारलेच जात नाही. मुलगी अविवाहित आहे, बोभाटा झाला तर उद्या स्थळे येणार नाहीत, म्हणून आईवडील डॉक्टरांसमोर हा विषय काढत नाहीत. डॉक्टरांना वाटते घरच्यांना यात रस नाही. आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिला कोणी विचारत नाही. पहिली सलाईन लागली की हा दरवाजा बहुधा बंद होतो. पाच वर्षांनी तीच मुलगी बरी होऊन, लग्न करून, ‘तेव्हा मला का नाही सांगितले?’ असे विचारते, तेव्हा आईजवळ सांगण्यासारखे काही नसते.

वयात न आलेल्या मुलीची पक्व बीजे काढता येत नाहीत, आणि काही मोठ्या मुलींनाही दोन आठवडे थांबणे शक्य नसते. त्यांच्यासाठी बीजकोशाच्या कडेची पातळ चकतीच शस्त्रक्रियेने काढून गोठवतात. तिच्यात हजारो अपक्व बीजे असतात, आणि ती अतिशय लहान असल्याने व त्यांचा तर्कू अद्याप उभा राहिलेला नसल्याने थंडी पक्व बीजापेक्षा चांगली सोसतात. बेल्जियममधील डॉ. जाक दोने यांनी १९९७ साली हॉजकिनचा कर्करोग झालेल्या एका तरुणीच्या बीजकोशाच्या अशा चकत्या केमोथेरपीपूर्वी गोठवून ठेवल्या. उपचारांनी तिचा रोग गेला आणि त्याबरोबर पाळीही गेली. सहा वर्षांनी त्या चकत्या तिच्याच शरीरात परत बसवण्यात आल्या, काही महिन्यांनी पाळी सुरू झाली आणि सप्टेंबर २००४ मध्ये तिला मुलगी झाली.